पोटावर आख्खा जिल्हा

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते. हसायचं असेल तर तिला हसा, मला नको. ती म्हणजे तरुणपणीची मी… एकसष्ट वर्षांची. शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेली, आणि नंदुरबारच्या एका लोकल केबल चॅनलवर संध्याकाळचं हवामान सांगायला मिळालं म्हणून हवेत तरंगणारी.

पहिल्याच दिवशी ही बाई हिरवीगार साडी नेसून गेली. स्टुडिओ म्हणजे कापड दुकानावरची एक खोली, भिंतीला हिरवा पडदा. तिथे उभं राहिलं की मागे नकाशा नसतोच. तो टीव्हीवर येतो, जिथे जिथे हिरवं असेल तिथे. कॅमेरावाला युवराज माझा जुना विद्यार्थी. बाईंना साडी बदला कसं सांगणार? संध्याकाळी लोकांनी पाहिलं - वर एक डोकं, बाजूला दोन हात, मधे नकाशा. धाकट्या भावाचा फोन आला, "आक्का, तुन्हा पोटवर आख्खा शहादा दिखना."

ती साडी मी त्याच आठवड्यात बोहारणीला देऊन पातेलं घेतलं. त्यात अजून चहा करते. आणि लाजेने एक नेम केला - माझं हवामान लागलं की आपला टीव्ही बंद. स्वतःला परत पाहायचं नाही.

भूतखेत मी कधी मानलं नाही. चिंचेखाली बाई दिसते म्हणणाऱ्या मुलांना मी मैदानाला फेऱ्या मारायला लावायची. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सांगताना मलाच ओशाळल्यासारखं होतं.

दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. तेव्हा आमच्या गावाबाहेरची मोकळी जमीन लालभडक दिसते - मिरचीच्या पथारी. ओली मिरची घेऊन उघड्यावर पसरायची, हलवत राहायची, वाळवायची. वरून दोन सरी पडल्या तरी माल गेला. भावाची कंबर धरलेली, म्हणून त्या वर्षी माझी भावजय सिंधू हिने एकटीने पथारी घातली होती. मुलीचं नर्सिंगचं ॲडमिशन त्या मिरचीवर होतं. हे मला माहीत होतं. पुन्हा सांगते, माहीत होतं.

दुपारी रेकॉर्डिंग झालं. मी मरून रंगाच्या साडीत. आलेला अंदाज वाचला - हवामान कोरडे राहील. वर माझं शहाणपण, "मिरचीवाल्यांनो, ताडपत्र्या घडी करून ठेवा." घरी आले. माझी वेळ झाली तसा टीव्ही बंद केला.

थोड्या वेळाने सिंधूचा फोन.

"आक्का, आज परत हिरवी साडी काब नेसनी?"

"मरून आहे गं."

"नही व. तुन्हं डोकं आनि हात तेवढा दिखनात. मझार नकाशा, आनि नकाशावर पानी पडी ऱ्हायंतं. तुन्हा आवाज बी नही ऊना. नुसता हात खाले-वर करी ऱ्हायंती… जशी काही झाकाले सांगस. ताडपत्री टाकू का मी?"

मला राग आला. दोन वर्षांनी पण तीच थट्टा! म्हटलं, "टीव्ही बिघडलाय तुझा. अर्धी वाळलेली मिरची झाकलीस तर घाम धरेल आणि सडेल. मी स्वतः सांगतेय ना, कोरडं आहे."

"तू सांगस ते बरोबर," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

पहाटे पत्र्यावर ताडताड सुरू झालं. मी अंथरुणात उठून बसले. काय करणार होते? पाऊस थांबव म्हणून कोणाला फोन लावणार?

उजाडल्यावर पथारीवर गेले. शेजारच्या दोन्ही पथारींवर ताडपत्र्या होत्या. तिथल्या बायका म्हणाल्या, "मास्तरीनबाई, तुम्हीच तं काल हातवारी सांगं!" सिंधूच्या पथारीत लाल पाणी साचलेलं. ती टोपलीने मिरची उपसत होती. मीही पदर खोचून उपसायला लागले. उपसून ठेवायची कुठे, ते दोघींनाही माहीत नव्हतं.

स्टुडिओत गेले. जिन्यात दुकानाच्या शेठाणी भेटल्या. हसून म्हणाल्या, "काकी, कल फिर से हरी साडी?" मी युवराजला कालचं लावायला लावलं. मरून साडी. पूर्ण मी. "ताडपत्र्या घडी करून ठेवा," असं खणखणीत सांगणारी, तोंडावर शिक्षिकेचं हसू. युवराज शपथ घेऊन म्हणाला की हेच गेलं, दुसरं काही नाहीच. मी परत परत पाहिलं. त्या बाईच्या पोटावर मला एकदाही नकाशा दिसला नाही.

केबलचा बिघाड म्हणावं तर बिघाडाला मिरची कशी कळली? आणि ती जी कोणी होती, ती मला सोडून सगळ्यांना का दिसली? भाची त्या वर्षी घरीच राहिली, ॲडमिशन पुढच्या वर्षी झालं. त्याबद्दल सिंधू मला कधी एका शब्दाने बोलली नाही.

फक्त त्या पावसानंतर थोड्या दिवसांनी पुन्हा आभाळ आलं. वाचलेली थोडी मिरची तिने पसरली होती. मी आपणहून फोन केला, म्हटलं, अगं, आजचा अंदाज सांगते. ती शांतपणे म्हणाली,

"आक्का, तू ऱ्हाऊ दे. आज तुन्हा टीव्ही चालू ठेव, आनि त्या टीव्हीमझारनी बाईले इचार. ती काय म्हनस ते माले सांग."