हूं म्हणजे हाव नव्हे

सातपुड्याच्या पायथ्याशी मोहझिरी नावाचा पाडा आहे. तिथं कुवरसिंग पावरा राहतो. साठी कधीच ओलांडलेली, मिशा पांढऱ्या, डोक्याला लाल पागोटं, आणि हूं म्हणण्यात त्याचा हात धरणारा माणूस चोपड्यापासून शिरपूरपर्यंत शोधून सापडायचा नाही.

तुम्ही म्हणाल, हूं म्हणायला काय अक्कल लागते? लागते, बरं का. पाड्यावर कहाणीची रीत अशी की सांगणारा एक आणि हूं म्हणणारा एक. बाकीचे नुसते ऐकणारे. सांगणाऱ्यानं वाक्य टाकायचं आणि हूंवाल्यानं ते झेलायचं. 'एक अस्वल होतं.' 'हूं.' 'त्याची दाढ दुखत होती.' 'हूंऽ!' हूं थांबला की कहाणी थांबली. मग अस्वल झाडावर असो की विहिरीत, सांगणारा तिथल्या तिथं 'बांधली कहाणी' म्हणतो आणि धोतर झटकून उठतो. एकदा कुवरसिंगचा घसा बसला, तर पुनाचं अस्वल अख्खा पावसाळा विहिरीत राहिलं. पाड्यातली पोरं रोज विचारायची, "आबा, घसा सुटला का? अस्वल भिजतंय ना!"

हा पुना म्हणजे कुवरसिंगचा चुलतभाऊ. कहाण्या सांगाव्यात पुनानं आणि हूं म्हणावं कुवरसिंगनं. भीतीच्या जागी त्याचा हूं आत ओढलेला, गमतीच्या जागी उडवलेला, रडायच्या जागी नाकातून आलेला. सणावारी पावरी, घरात-बाजारात अहिराणी, कचेरीत मराठी, पण हूं सगळीकडे तोच. त्यामुळे कुवरसिंगला कुठंही परकं वाटायचं नाही. सावद्याला केळी कापायला गेला तर बागवाले त्याला मुद्दाम आपल्या ओळीत ओढायचे. काम तर होतंच, वर आपलं ऐकणारा माणूस मिळतो.

त्या हूंनं त्याला गोत्यातही आणलं म्हणा. तरुणपणी पुनासाठी मुलगी बघायला दोघं गेले. मुलीचा मामा बोलका. त्यानं शेत सांगितलं, बैल सांगितले, भाचीच्या हातची भाकर सांगितली. पुना लाजून खाली बघत बसला आणि कुवरसिंग आपला रंगून हूं हूं करत राहिला. मामानं शेवटी कुवरसिंगचीच पाठ थोपटली, "जमलं जावई!" सुगंधाबाई या घरात आली ती अशी. पुनाला पुढं दुसरीकडची चांगली बायको मिळाली, म्हणून भावकी टिकली.

दुसऱ्या वेळी जळगावात एका ठिबकच्या दुकानासमोर हा सावलीला उभा होता. विक्रेत्यानं याला गाठून नळ्या, फिल्टर, खताची टाकी, सगळं समजावलं. हूं ऐकून त्याला इतका चेव चढला की चहासुद्धा मागवला. शेवटी वही काढून विचारतो, "मग बाबा, किती एकराला टाकायचं?" कुवरसिंग म्हणाला, "एकर कशाना भो? मी ते सावलीले उभा शे."

असा हा माणूस. आणि अशा माणसाच्या समोर एके दिवशी स्वप्नील येऊन बसला.

स्वप्नील जळगावचा पोरगा, एका खडीच्या कंपनीत कामाला. पाड्याच्या डोक्यावर कणगी डोंगर आहे. दुरून धान्याच्या उपड्या कणगीसारखा दिसतो आणि कामही कणगीचंच करतो. मोहाची फुलं तिथली, चारोळी तिथली, गुरांचं गवत तिथलं, आणि ज्या झिऱ्यावरून पाड्याला नाव पडलं तो झिरा त्याच डोंगराच्या पोटातून निघतो. कंपनीला त्या डोंगराचा दगड हवा होता. पण हा भाग पेसा कायद्यातला. ग्रामसभेनं आधी हाव, म्हणजे हो, म्हटल्याशिवाय खाणीचं काम पुढं सरकत नाही. म्हणून स्वप्नीलला लोकांचं मन वळवायला धाडलेलं.

पोरगा वाईट नव्हता. पण बिचारा ज्या पाड्यात जाई तिथं लोक पाठ फिरवत. इथं मोहाच्या झाडाखाली कुवरसिंग दोर वळत बसलेला. स्वप्नीलनं मोबाइल समोरच्या दगडाला टेकवून ठेवला आणि सुरुवात केली.

"आबा, इथं मोठी मशीन येईल."

"हूं."

"पक्का रस्ता होईल. दिवाळीनंतर बाहेरगावी जायला नको, घरच्या घरी काम."

"हूंऽ!"

स्वप्नीलच्या अंगावर मूठभर मांस चढलं. नोकरीला लागल्यापासून इतकं मन लावून त्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तो सांगत गेला, हातवारे करत गेला. डोंगर कसा फुटेल हे सांगताना तर त्यानं तोंडानं धडाड्धूम केलं, आणि कुवरसिंगनं तो ठेवणीतला, आत ओढलेला हूं दिला. पोरगा सांगतो छान, असं त्याला मनापासून वाटलं. घरी येऊन सुगंधाबाईला म्हणालाही, "पुनाच्या तोडीचा आहे. जरा घाई करतो, एवढंच."

आठवडा गेला नाही तोच घरोघरचे मोबाइल किणकिणले. पडद्यावर कुवरसिंग, पागोट्यासकट. स्वप्नील विचारतोय, "डोंगर द्यायचा ना, आबा?" आणि आबा म्हणतोय, "हूं." खाली अक्षरं होती: 'मोहझिरीचे ज्येष्ठ ग्रामस्थ खाणीला आनंदाने संमती देताना.'

सुगंधाबाईनं कपाळाला हात लावला. "हूं म्हनीसन बायको घरमा लयी उना हाऊ मानूस! आते डोंगर दी उना!"

"मी कुठं दिला?" कुवरसिंग गयावया करत म्हणाला. "त्यानं सांगितलं, मी आयकं. मानं नई."

"ते आम्हाला कळतं, बाबा," त्याची सून हेमलता म्हणाली. बचत गट चालवणारी, बोलायला नीट आणि मोजकी. "पण तालुक्याच्या साहेबांना काय कळणार? रविवारी ग्रामसभा आहे. तिथं कंपनीवाले हेच दाखवणार, आणि वर तुम्हाला सगळ्यांसमोर पुन्हा विचारणार. तेव्हा तुमच्या तोंडून हूं निघाला तर?"

कुवरसिंगला स्वतःची खात्री नव्हती. हूं हा काही तो ठरवून म्हणत नसे. तो शिंकेसारखा यायचा. आपल्या एका सवयीपायी कणगी रिकामी झाली, तर झिऱ्यावर पाण्याला येणाऱ्या बायांना तोंड कसं दाखवायचं?

"मी सभेला येतच नाही," तो म्हणाला.

"मग तर झालंच. तुमच्या जागी तो मोबाइल बोलेल. यायचं, आणि गप्प बसायचं."

झालं, गप्प बसण्याची तालीम सुरू झाली. सुगंधाबाई भाकरी थापता थापता मुद्दाम बोलायची. "भेंडीले कीड लागनी." कुवरसिंग ओठ दाबून बसे. "मन्हा भाऊ आजारी शे." ओठ घट्ट. "तुन्ही बकरी मक्यामा शिरनी." "हूं!" म्हणत तो ताडकन उठे, आणि बकरी आपली खुंट्याला बांधलेली. पुना रोज नवा उपाय घेऊन यायचा. तोंडात गुळाचा खडा धर, नाहीतर चिंच धर, पागोट्याचं टोकच कोंब. एकदा बकरी बें करून ओरडली तर कुवरसिंगनं तिलाही हूं दिला. पुना जमिनीवर लोळून हसला. "कुवऱ्या, तू बकरीलेबी डोंगर दी टाकशी!"

रविवारी सकाळी मोहाखाली सभा भरली. बायका एका अंगाला, बाप्ये एका अंगाला, पंचायतीचा माणूस खुर्चीवर. सभेची अध्यक्ष म्हणून लोकांनी हेमलताला बसवलं. कुवरसिंगला पुढच्या ओळीत जागा मिळाली, गालात चिंच, डोळ्यांत पाणी. स्वप्नीलनं कर्णा जोडून तो व्हिडिओ लावला. झाडाखाली पहिला हूं घुमला मात्र, आणि सगळी सभा खदखदून हसली. दुसऱ्या हूंला पोरांनी साथ धरली. धडाड्धूमनंतरच्या हूंला तर मागून आवाज आला, "वा आबा!"

स्वप्नील गोंधळला. "यात हसण्यासारखं काय आहे? आबांनी होकार दिलाय."

"तो होकार नाही, भाऊ," हेमलता म्हणाली. "तुमचं ऐकतोय, एवढंच तो सांगतोय. आमच्यात हूं म्हणजे ऐकलं आणि हाव म्हणजे मानलं. तुम्ही आज सगळ्यांना सांगा. मग आम्ही विचारू."

स्वप्नीलनं मान डोलावली आणि सवयीनं कुवरसिंगकडेच तोंड करून सुरुवात केली. "इथं मोठी मशीन येईल."

कुवरसिंगचा गळा हलला. चिंच दातांखाली चुरडली. सुगंधाबाईनं लांबूनच डोळे वटारले. हूं आला नाही.

"पक्का रस्ता होईल..."

काही नाही. झाडावरची पानं तेवढी हलली. स्वप्नील थांबला, वाट पाहिली, कपाळ पुसलं. "काम मिळेल. म्हणजे सुरुवातीला तरी मिळेल. झिऱ्याला... झिऱ्याला बहुतेक काही होणार नाही." एकेक वाक्य जमिनीवर पडत होतं आणि उचलायला कुणी नव्हतं. त्याला स्वतःलाच ते ऐकू येऊ लागलं. 'बहुतेक'पाशी त्याची जीभ अडली ती अडलीच.

पुनानं गुडघ्यावर हात देऊन उठत आरोळी ठोकली, "हूं सरना! काहानी बांधा रे बठ्ठा!"

सभेत असा हशा पिकला की खुर्चीवरचा पंचायतवालाही तोंडावर कागद धरून हलू लागला. हेमलतानं हात वर करून सगळ्यांना शांत केलं. डंपर चालवायची हौस असलेली दोन-चार पोरं होती, त्यांना तिनं आधी बोलू दिलं. मग तिनं सरळ विचारलं, "कणगी डोंगर खाणीला द्यायचा का? हाव की नई? हात वर करून सांगा. बाबा, तुम्ही सगळ्यांत मोठे. आधी तुम्ही."

कुवरसिंग उठला. चिंच थुंकली. जन्मभर ज्या गळ्यातून हूं निघाला त्याला 'नई'ची सवयच नव्हती. आधी नुसतीच हवा आली. मग जो आवाज फुटला तो एवढा मोठा, की बांधलेली बकरी खुंट्यासकट पळाली.

"नईऽऽ!"

पाठोपाठ सगळ्या सभेची 'नई' उठली. हात इतके वर गेले की मोजायचं काम उरलं नाही. डंपरवाल्या पोरांनी तेवढे हात आधी कानापर्यंत आणले, आयांकडे पाहिलं आणि मग वर केले. पंचायतवाल्यानं ठराव लिहिला: ग्रामसभेची संमती नाही.

स्वप्नील वायरी गुंडाळत होता. कुवरसिंगला त्याला बघून वाईट वाटलं. एवढा चांगला सांगणारा, आणि आज हूंशिवाय सांगावं लागलं! तो चहाचा कप घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसला.

"बाळा, दुसरं काही सांग. तुन्हं स्वतःनं सांग."

स्वप्नीलनं आधी मोबाइल बंद करून खिशात टाकला. मग हळूहळू सांगू लागला. त्याची आई धरणगावची, वेचणीच्या दिवसांत तिच्या पदराला कापूस चिकटलेला असायचा, तो हा लहानपणी झोपेत ओढायचा. कुवरसिंगनं नाकातून आलेला, सगळ्यात मऊ हूं दिला.

"आबा," स्वप्नील दचकून म्हणाला, "हा कुठला?"

"आयकाना हूं," कुवरसिंग हसला. "पुढे सांग."

तेव्हापासून पाड्यात कुणी नुसत्या हूंवर भागवत नाही. त्या दुपारी सुगंधाबाईनं चुलीपासून विचारलं, "आखो एक भाकर टाकू का?"

"हूं."

काठवटीतला हात तिथंच थांबला. "हूं का हाव?"

"हाव, माय, हाव! टाक!"