पूर्णेचा चढ आणि बाबांची मोटार

बाबांनी मोटार घेतली ती हौसेपायी. ते जालन्याच्या अदालतीत वकिली करत. बदली होऊन हैदराबादला निघालेल्या एका साहेबाने ती जाता जाता त्यांच्या गळ्यात मारली. मोटार अमेरिकन, चार सिलिंडरची, वयाने माझ्याहून थोडी लहान. सपाटीला छान पळायची, पण चढ दिसला की तिचा जीव जायचा. आई म्हणायची, "हे विकतचं श्राद्ध आहे." बाबा हसायचे आणि शेरवानीची बटणं लावून अदालतीला पायीच जायचे.

माझं लग्न झालं तेव्हा त्याच मोटारीने मला भोकरदनला सासरी पोचवायचं ठरलं. चालवायला माझा थोरला भाऊ, त्याच्या शेजारी बाबा. मागे सासरे, नवरा आणि कडेला मी, शालूत गुंडाळलेली. वाटेत पूर्णा लागते. तेव्हा तिच्यावर पूल नव्हता. पात्रात उतरायचं, वाळू तुडवायची आणि पलीकडचा चढ चढायचा. वैशाखाचे दिवस, नदी कोरडी. मोटार चढाच्या मध्यापर्यंत गेली, दोन आचके दिले आणि मागे सरकायला लागली.

आता कुणीतरी उतरायला हवं होतं. कुणी, ते कुणी विचारलंसुद्धा नाही. मुलीकडच्यांनी उतरायचं असतं. बाबा उतरले. त्यांनी शेरवानीच्या बाह्या वर सारल्या आणि मोटारीला खांदा लावला. मी पदर सावरून उठायला लागले तर सासरे म्हणाले, "सूनबाई, बसून राहा. नवरीनं उतरायचं न्हाई." मग मागे वळून मोठ्याने म्हणाले, "वकीलसाहेब, मोटार काढली, मंग बैलजोडी बी आणायची होती की."

बाबा हसले. छपराला मागच्या बाजूने अभ्रकाची एक लहानशी खिडकी होती, तिच्यातून मला ते दिसत होते. कपाळावरची शीर फुगलेली, टोपी तिरकी झालेली, आणि त्यावर ते हसू. माझा नवरा दुसऱ्या बाजूच्या बाभळी बघत होता. माझं वजन बाबा ढकलत होते आणि मी सोन्यानाण्यासकट बसून होते. मला इतकी लाज वाटली की चढ संपला तरी मान वर होईना. सासरे मनाने वाईट नव्हते. त्यांना विनोद करायची खोड होती, आणि केलेला विनोद ते वाया जाऊ देत नसत. बैलजोडीचा विनोद भोकरदनात वर्षभर पुरला. घरात कुणी जड काही उचललं की म्हणायचे, "बोलवा वकीलसाहेबांला."

दसरा झाल्यावर भाऊ मुराळी होऊन मला माहेरी न्यायला आला, तोही छकड्यातून. वाटेत पूर्णेच्या चढावर त्याने बैल थांबवले आणि म्हणाला, "दिवाळसणाला जावई येतील, व्याही येतील. परत पोचवायला हाच चढ. या बारीला बाबा उतरणार न्हाईत."

"नवीन मोटार घेणार का तू?"

"हीच चढवतो," तो म्हणाला. "तू बघ."

नव्या इंजिनाला बाबा पैसा देणार नव्हते आणि भावाकडे नव्हता. तेव्हा जे करायचं ते घरच्या घरी. त्याने इंजिनाचं हेड उतरवलं. आत काजळीचे थर बसले होते; ते आईच्या उलथन्याने खरवडून काढले. आईने त्या उलथन्याला पुन्हा हात लावला नाही. मग व्हॉल्व्ह. ते नीट बसत नाहीत, म्हणून आतला जोर फटींतून निसटतो, असं त्याने मला सांगितलं. कुरुंदाची खरखरीत भुकटी तेलात कालवून त्यांच्या कडांना लावायची, आणि व्हॉल्व्हच्या डोक्यात दांडी अडकवून ती दोन्ही तळव्यांत उलटसुलट फिरवायची. त्याने थोडा वेळ फिरवली, खांदे धरून बसला. मी म्हटलं, "सरक." लहानपणापासून ताक घुसळलेले माझे हात, मला ते जड गेलं नाही. आई दारातून ओरडली, "सासरवाशीण पोर अन् हात बघा तिचे." मेंदी काळी पडली. मी घासत राहिले. दांडी फिरवताना मला सारखे बैलजोडीचे शब्द ऐकू येत होते, त्यामुळे काम झकास झालं.

हेड तो जिनात घेऊन गेला. कपाशीच्या त्या कारखान्यात लोखंड तासायचं यंत्र होतं. भाकरीचा पापुद्रा असतो तेवढी त्याची तळबाजू तासून आणली. म्हणजे आतली जागा कमी होते, हवा जास्त दाबली जाते आणि दणका जोराचा बसतो. तांबटाकडून पातळ पत्रा ठोकून घेऊन हेड आणि इंजिनाच्या मध्ये घातला. सगळं जोडून हँडल मारलं तर ते असं उलटं फिरलं की भावाचं मनगट टम्म सुजलं. तो खूष झाला. म्हणाला, "ताकद आली म्हणूनच मारलं."

मग गावातल्या कुंडलिका नदीच्या काठच्या चढावर परीक्षा. सासऱ्यांच्या जागी सरकीचं मोठं पोतं, नवऱ्याच्या आणि बाबांच्या जागी लहान पोती, आणि माझ्या जागी मी. मोटार थेट वर गेली. आम्ही दोघं मोठ्या पोत्याकडे बघून हसलो. बाबांना काही सांगायचं नाही, चढावरच कळू दे, असं आमचं ठरलं.

दिवाळसण मानाने पार पडला. निघायच्या दिवशी मोटारीत सगळे पहिल्यासारखेच बसले. बाबांनी धुतलेली शेरवानी घातली होती. पूर्णेत घोटाभर पाणी होतं आणि पावसाळ्यात वाहून आलेला गाळ काठाला अजून ओला होता. चढाच्या पायथ्याशी भावाने गिअर खाली घेतला, तेवढ्यात बाबांनी त्याच्या हाताला हात लावला. "थांबव."

"बाबा, बसा. आता चढते ती."

"थांबव म्हणतो ना."

ते उतरले. सासरे म्हणाले, "सवय झाली वकीलसाहेबांला." बाबा हसले आणि मागे गेले. भावाने एकदा माझ्याकडे बघितलं. मी सासऱ्यांसमोर काय बोलणार? खिडकीतून मला दिसलं, बाबांनी पाय रोवले, दोन्ही हात मोटारीला लावले आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. भावाने मोटार सोडली.

तिला त्यांची गरजच नव्हती. ती एकदम पुढे झेपावली आणि बाबा हातांखालचा आधार गेल्यासरशी गाळात तोंडावर पडले.

मी ओरडले. सासऱ्यांनी वळून पाहिलं. भावाला थांबता येईना. मध्ये थांबला असता तर मोटार मागे त्यांच्याच अंगावर गेली असती. ती गुरगुरत, न अडखळता, आम्हा सगळ्यांना घेऊन चढत राहिली. इतकी छान ती कधीच चढली नव्हती. खिडकीत बाबा लहान होत गेले. गुडघ्यांवर बसून ते टोपी शोधत होते. ते व्हॉल्व्ह मी माझ्या हाताने घासले होते, आणि त्या क्षणी ते हात कुठे ठेवावेत ते मला कळेना.

वर पोचल्यावर मी कुणाला न विचारता उतरले आणि चढावरून खाली धावले. बाबांची शेरवानी छातीपासून खाली गाळाने भरली होती, ओठ फुटला होता. मी पदराने पुसायला लागले तर त्यांनी माझा हात धरला.

"तू कशाला उतरलीस? चढली ना वर?"

"चढली. बाबा, आम्ही तिचं इंजिन..."

"कळलं मला," ते म्हणाले. "जिनातला माणूस अदालतीत भेटल्ता."

"मंग उतरलात कशाला?"

त्यांनी टोपी झटकली. "मागल्या बारीला उतरलो. आता बसून राह्यलो असतो तर व्याह्यांला वाटलं असतं, वकिलाला बोलणं लागलं. त्याचं उट्टं कुणावर निघलं असतं? मी तर जालन्याला निघून जाईन." मग वर उभ्या मोटारीकडे बघून म्हणाले, "जाय. अन् सांग त्यांला, बाबांनी जोर लावला म्हणून चढली."

मी वर आले. सासऱ्यांनी विचारलं, "लागलं तर न्हाई ना?"

मी म्हटलं, "न्हाई. बाबांनी जोर लावला म्हणून चढली."

"बराबर," सासरे म्हणाले. भाऊ सुजलेलं मनगट मांडीवर ठेवून समोर बघत होता. त्याने मान वळवली नाही.