कचरूभाऊंचा दोर आणि निम्मी-निम्मी वाटणी

पिंपळदऱ्याच्या पाणलोट समितीचं नुसतं नाव निघालं तरी मला शिसारी येते. तिच्या कारभारात माझा स्वतःचा वाटाही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

कचरूभाऊ या समितीचे मोजणीदार. सगळं गाव त्यांना नुसतं कचरू म्हणायचं. मी भाऊ म्हणायचो, एवढाच काय तो माझा मोठेपणा. पारनेर तालुक्यातल्या त्या गावात चौदा विहिरी होत्या आणि १९९० पासून दर सोमवारी हा माणूस चौदाही विहिरींत दोर सोडून पाणी किती खाली गेलंय ते मोजायचा. दोराला हाता-हातावर गाठी आणि टोकाला लोखंडी नट बांधलेला. सुरुवातीला एक-दोन शेतकऱ्यांनी ‘तुझा दोर आमच्या पाण्यात नको’ म्हणून पाहिलं. पुढे त्यांना समितीकडून सिमेंट मिळालं आणि दोर आपोआप शुद्ध झाला.

सातवी पास असलेल्या कचरूभाऊंचं अक्षर तलाठ्याने लाजावं असं. थोरल्या मुलीचं, भारतीचं लग्न सोमवारी निघालं, तर पहाटे उठून चौदा विहिरी करूनच ते मंडपात उभे राहिले. १९९४ मध्ये एकदा ते तापाने फणफणले होते. त्या आठवड्याच्या रकान्यात त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं : ‘मोजले नाही.’

आता समितीबद्दल. गावात दोन पार्ट्या, अध्यक्ष गहिनीनाथ यांची आणि उपाध्यक्ष मच्छिंद्र यांची. दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं, ते म्हणजे जे काही येईल ते निम्मं-निम्मं. सिमेंटच्या गोण्या निम्म्या, रोपं निम्मी, टँकरच्या खेपा निम्म्या. सहाशे एक रोपं आली तेव्हा उरलेलं एक रोप ऑफिसच्या दारात वाळून गेलं, पण कुणी कुणाला घेऊ दिलं नाही. राळेगणला बसगाड्या भरून पाहुणे यायचे आणि आमच्याकडे का येत नाहीत, म्हणून ही मंडळी कुढायची.

पुण्याच्या एका संस्थेने समितीला एक वापरलेला लॅपटॉप दिला. संस्थेच्या माधुरीताई स्कॅनर घेऊन आल्या, आठवडाभर राहिल्या आणि कचरूभाऊंच्या वह्यांचं पान न् पान त्यांनी त्यात चढवलं. पुढच्या वर्षी, १९९९ मध्ये, विहिरींचा नकाशा करायचं ठरलं. नकाशाचा प्रोग्राम लिनक्सवर चालायचा आणि लॅपटॉपवर होतं विंडोज. दोन्ही शेजारी-शेजारी बसवायला भिंगारहून मला बोलावलं. मी तिथे कॉम्प्युटर क्लास चालवायचो.

डिस्क होती दोन हजार एमबीची. त्यातले बाराशे विंडोजकडे भरलेले, आठशे मोकळे. लिनक्सला सहाशेचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, पुरेसं होतं. दहा मिनिटांचं बोलणं. पण मी सभेत ‘दोन भाग करायचे’ एवढं म्हणालो आणि घोडेगावच्या बाजारात बैलाचे दात बघावेत तशी मंडळी लॅपटॉपवर वाकली.

“कुनाला किती?” मच्छिंद्ररावांनी विचारलं.

मी सांगितलं, ही जमीन नव्हे, दोन्ही भाग समितीचेच.

“मास्तर, ते ऱ्हाऊ द्या. हजार-हजार करा,” गहिनीनाथ म्हणाले. “मी वाटं पाडले. मच्छिंद्रनी आधी उचलावा. रीत हाय ती.”

मच्छिंद्ररावांनी लिनक्स उचललं. काय उचललं ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मी म्हणालो, हजारात बाराशे मावत नाहीत. दोनशेच्या वर काहीतरी पुसावं लागेल. पुसण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, एक अध्यक्षांच्या सत्काराचे फोटो आणि दुसरी कचरूभाऊंची पानं. फोटो पुसा, असं मच्छिंद्रराव म्हणतील अशी माझी खात्री होती. पण फोटोत दुसऱ्या रांगेत फेटा बांधून तेही होते.

“आकडे काय, वहीत हायतच की,” ते म्हणाले. नऊ वर्षांत पहिल्यांदा दोन्ही पार्ट्यांनी एकदम माना डोलावल्या.

कचरूभाऊ दाराशी उभे होते. त्यांना खुर्ची कधी नसायचीच. “अध्यक्ष, वह्या...”

“तू थांब रं. मोठ्या मान्सांचं चाललंय.”

पानं फ्लॉपीवर उतरवायची तर दीडशे फ्लॉप्या लागल्या असत्या. मला संध्याकाळची एसटी गाठायची होती. कचरूभाऊंचं तोंड उघडं राहिलेलं मी पाहिलं, आणि पडद्याकडे मान वळवली. मग पानं पुसली, उरलेल्या फायली डिस्कच्या एका बाजूला नीट लावून घेतल्या आणि हजारावर रेघ मारली.

चहा झाल्यावर कचरूभाऊ माझ्याजवळ आले. “सर, वह्या न्हाईत. मागच्या पावसात हापिस गळलं. सिमिटाच्या गोन्या वह्यांवरच ठिवल्या हुत्या. दगड झालाय त्याचा.”

तोवर त्या जागेवर लिनक्स बसलं होतं. परत काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

खरी घाण पुढेच आहे. संस्थेचे पाहुणे नकाशा बघायला येणार होते. गहिनीनाथ म्हणाले, “कचरू, टाक अंदाजानं. तुला तर सगळं पाठ आसंल.”

“अंदाजच लिहायचा आसता तर नऊ वर्सं दोर कशाला सोडला आसता?” कचरूभाऊ म्हणाले आणि निघून गेले.

मग मच्छिंद्रराव सांगत गेले, गहिनीनाथ दुरुस्त करत गेले आणि मी आकडे भरत गेलो. होय, मीच. विहिरींचं पाणी दर वर्षी हातभर वर आणलं. एका वर्षी दोन हात आणलं, कारण त्या वर्षी गहिनीनाथ अध्यक्ष झाले होते. घरी येऊन मी दोनदा हात धुतले, त्याने काय होतंय!

पाहुणे सोमवारी आले. भिंतीवर नकाशा, चौदा निळे गोल, खाली आकडे. टाळ्या वाजल्या. कचरूभाऊंना दोरासकट नकाशापाशी उभं केलं. माधुरीताईंनी त्यांना हसून नमस्कार केला आणि सहादेव पाटलांच्या विहिरीवर बोट ठेवलं.

“भाऊ, ब्याण्णवच्या मे महिन्यात इथे पाणी फक्त सोळा हात खाली? तुमच्या वहीत बराच मोठा आकडा पाहिल्यासारखं वाटतंय.”

गहिनीनाथ खाकरले. मच्छिंद्ररावांनी डोळे वटारले. मी पुन्हा मान वळवायच्या बेतात होतो.

कचरूभाऊंनी नकाशा वरपासून खालपर्यंत वाचला.

“ताई, ह्यातला येक बी आकडा मी मोजलेला न्हाई.”

दोर खांद्यावर टाकत कचरूभाऊ माझ्याकडे वळले. रागावले असते तर बरं झालं असतं.

“सर, येक कोरी वही आसंल तर द्या. आज सोमवार हाय. चौदा विहिरी ऱ्हायल्यात.”