गणपतीची सुट्टी

पत्नीच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी परळच्या हॉस्पिटलात बसलो होतो, पण देवाला हाक मारवत नव्हती. धावपळीने शरीर दमलं होतं आणि मनात एक जुनं खोटं होतं. ते बाळगून कोणत्या तोंडाने मागायचं?

बारा वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका मदतसंस्थेसाठी मी मुलाखती घेत असे. पूर, भूकंप झाला की आमची माणसं धावून जात. लालबागच्या एका मुलीने सगळी उत्तरं चोख दिली आणि शेवटी सरळ विचारलं, "गणपतीत गावी जायला सुट्टी मिळेल ना?" मी म्हणालो, "सेवाभाव असलेली माणसं सुट्टी विचारत नाहीत." तरी माझ्या दोन्ही सहकाऱ्यांनी तिलाच निवडलं. कळवायचं काम माझं होतं. मी कळवलंच नाही. सहकाऱ्यांना सांगितलं, तिनेच नकार दिला. त्यांतले एक आता हयात नाहीत, त्यांना खरं सांगता येणार नाही, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

वॉर्डात पत्नीचं सगळं प्रेमाने करणाऱ्या मावशीला, म्हणजे तिथल्या आयाला, मी सहज विचारलं, "परवा गणपती. गावी नाही का जात?"

"एकदा मुलाखतीत सुट्टी विचारली नि नोकरीच हुकली, काका. म्हणे सेवाभाव नाही!" ती हसली. "तेव्हापासून तोंडच उघडलं नाही कुठे. आई एकटीच पूजा मांडते. उद्या काकूंसोबत आहे हां मी, घाबरू नका."

म्हणजे ती मुलगी हीच! गप्प राहिलो तर उद्या ती जवळ असणार होती. आम्हाला दुसरं कोणी नाही. मनात 'देवा' एवढंच आलं, पुढे मागणं सुचेना. मी सगळं सांगून टाकलं.

ती चादरीची घडी घालत राहिली. "आणि मी बारा वर्षं स्वतःलाच दोष देतेय," म्हणाली आणि निघून गेली. तासाभराने परत आली.

"सिस्टरकडे सुट्टी मागितली. लगेच दिली हो! संध्याकाळच्या गाडीने जाते." दाराशी थांबली. "सेवाभाव आता तुम्ही दाखवा. पाणी पाजताना आधी काकूंची मान उचला, नाहीतर ठसका लागेल."

ऑपरेशन नीट झालं. सिस्टरने पाणी द्यायला सांगितल्यावर मी मान उचलून चमच्याने पाणी पाजलं. निम्मं सांडलं. पत्नी हसली.

माझ्याच खोट्यामुळे ती त्या वॉर्डात होती; मदत आली ती माझ्या पापाच्या वाटेने. हे कसं, ते मी आता विचारत नाही. गौरी-गणपती झाल्यावर ती परतली आणि तिने माझ्यापुढे पंचखाद्य धरलं. "आईने दिलंय. तुमचं नाव नाही सांगितलं. शिव्या घातल्या असत्या."

माझी लायकी नव्हती. मी दोन्ही हात पुढे केले.