येळवशीला आतून बंद राहिलेलं दार

मला औशात टिकवलं ते आमच्या घरमालकीण काकींनी, हे आधी सांगते, बाकीचं मग. आणि हेही सांगते की अख्ख्या तालुक्यात काकींइतकं वाईट बोलणारं माणूस दुसरं झालं नसेल. ‘जेवलीस का?’ असं सरळ विचारणं त्यांच्या जिभेला जमायचंच नाही. "उपाशी मरून माझ्या घराचं नाव घालवतीस का?" असं विचारायच्या आणि ताट पुढं सरकवायच्या. मला ताप आला की "नाटकं करायलीय" असं साऱ्या गल्लीला ऐकवत कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवायच्या. नावानं तर त्या कुणालाच हाक मारत नसत. मी सातवीत शाळा सोडलेली, लग्न होऊन किनवटहून इतक्या लांब आलेली, म्हणून मी ‘किनवट’. त्यांचा थोरला मुलगा नोकरीला पुण्याला गेला त्या दिवसापासून तो ‘पुणं’ झाला, धाकटा ‘लातूर’. "पुण्याला टाइम न्हाई म्हनं. आन लातूर एका एसटीवर हाय, पर त्येला रस्ता घावंना," असं म्हणत त्या इतक्या जोरात भाकरी थापायच्या की परातीची दया यावी.

मी आले त्याच वर्षीची गोष्ट. नवरा ट्रकवर गेलेला. सकाळी दार उघडून बघते तर गल्लीत माणूस नाही. सगळ्या घरांना कुलपं, दुकानं बंद, चौकात दोन कुत्री तेवढी. मला जन्मापासून भीतीची सवय. कर्फ्यू लागला असं धरून मी दार आतून लावलं, त्याला पत्र्याची पेटी टेकवली आणि पिठाच्या डब्यामागं देवाचं नाव घेत बसले. दुपारी दारावर धपाधप थापा पडल्या. "ए किनवट, मेलीस का आत?" मी फटीतून विचारलं, "काकी, काय झालं हो गावात?" "येळवस झाली. दुसरं काय व्हायचंय गावात?"

आमच्या किनवटकडं येळवस नाही. इकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव घराला कुलूप लावून शेतात जेवायला जातं, कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारून तिच्यात पांडव म्हणून मांडलेल्या पाच दगडांची पूजा करतं, आणि वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून पंगतीत बसवतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला न्यायला काकी शेतातून तशाच उन्हात चालत परत आल्या होत्या. त्यांच्या मागं मी रानात पोचले तर सगळी पंगत ताटावर खोळंबलेली. घरमालक काका म्हणाले, "ये माय, बस. तू येईस्तोर भज्जीला हात लावू दिला न्हाई हिनं." त्या दिवशी मी पहिल्यांदा ती हिरव्या शेंगा-पालेभाज्यांची भज्जी खाल्ली, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील प्याले, आणि पहिल्यांदा माहेराची आठवण न काढता जेवले.

पुढं नातवंडांचे व्हिडिओ कॉल सुरू झाले. काकी फोन कानालाच लावायच्या. "आजी, तोंड दाखव ना," असं पोरं ओरडायची, त्या म्हणायच्या, "तोंड दावलं तर ऐकू कसं यील?" नातवंडांना आजीचा कान पाठ झाला. चेहरा बघायला सुट्टीत यावं लागलं असतं, आणि सुट्टीत पोरांना क्लास असायचे.

मग एकदा पुणं आणि लातूर एकाच गाडीतून आले. एरवी सणालाही एकत्र न येणारे. काकीला साडी, काकांना स्वेटर. गावालगतच्या रानाला भाव आला होता, प्लॉट पाडायचे होते, आणि शेत काकांच्या नावावर. काकांनी सही केली. मला वाटलं, आता काकी घर डोक्यावर घेतील. त्यांनी फक्त त्या दिवसापासून काकांशी थेट बोलणं बंद केलं. दोघं एकाच ओसरीवर, मधे मी. "किनवट, इचार त्येन्ला, च्या घेनार का." काका हातभर अंतरावरून म्हणायचे, "तिला म्हण, घेतो." मी नुसती मान इकडून तिकडं फिरवायची. पहिल्यांदा हसू यायचं. पुढं पुढं मान दुखायला लागली.

त्यात काकींच्या पोटात गाठ निघाली. मुलं म्हणाली, दिवाळी होऊ द्या, मग बघू. दिवाळी झाली, कुणी काही बघितलं नाही. येळवशीला काकी म्हणाल्या, "चल रानात." म्हटलं, "काकी, आता तिथं प्लॉट झाले." "म्हून काय पांडव पळून गेले का?" आंबिलाचं मडकं माझ्या डोक्यावर, काकी माझ्या दंडाला धरून, आणि मागून न बोलावता काका. सीमेच्या दगडांमधेच आम्ही कोप घातली. राखणदार काठी घेऊन आला. "ए मावशे, हे आता सायबाचं हाय." काकी म्हणाल्या, "सायबाचं आसंल. तू जेवलास का सकाळपासून? बस खाली." तो बसला, आणि दोनदा भज्जी मागून घेतली. काकींनी भरलेला पेला माझ्याकडं दिला. "त्येन्ला दे. आंबट झाली का इचार." काका म्हणाले, "तिला म्हण, बरोबर हाय." एवढंच. मला वाटत होतं, आज तरी बोलतील.

महाशिवरात्रीच्या आत काकी गेल्या. तेराव्याला चौकात फ्लेक्स लागला: प्रेमळ पत्नी, आदर्श माता, लाडकी आजी. फोटो कुणाकडं नव्हता. कुठल्याशा लग्नातल्या घोळक्यातून कापून काढला, तर खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिला. कुणाचा, ते कुणालाच सांगता येईना. त्या हाताइतकंही पोरांपैकी कुणी त्यांच्या जवळ नव्हतं. जेवण केटररचं. पुण्यानं माइकवर भाषण केलं, लातूर रडलं.

यंदाच्या येळवशीला दोघांनी बायकापोरांना घेऊन नांदेड रोडच्या एका हॉटेलात तिकीट काढून ‘येळवस’ केली. फोटो पाठवले. काका घरीच. मी आंबील केली, त्यांच्यापुढं पेला ठेवला. एक घोट घेऊन त्यांनी तो खाली ठेवला. मग नेहमीसारखंच माझ्याकडं बघून म्हणाले, "तिला म्हण, मागल्या साली लई आंबट झाली होती. तवा म्हनलो न्हाई."

मी सवयीनं मान वळवली. पलीकडं नुसती भिंत. म्हटलं, "हाव काका. सांगते."

काकी, सांगितलं बरं का. आणि तुमच्या उपकाराची फेड कधीतरी करणार आहे. स्वतःचं रान होईल न होईल. झालं तर पहिली कोप तुमच्या नावानं घालीन. तोवर एवढं नक्की करीन, येळवशीला गल्लीतलं प्रत्येक दार हलवून बघीन. एखादं आतून लावलेलं लागलं, तर थापा मारीन आणि तुमच्याच आवाजात विचारीन, मेलीस का आत?