माळ्यावरची लुगडी

मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा सामान कमी करायचं मी डोक्यात घेतलं होतं. माझ्या डोक्यात एकदा काही शिरलं की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. सासूबाई तेव्हा सावनेरला, माझ्या नणंदेकडे गेल्या होत्या. त्यांची पत्र्याची पेटी उघडली, तर आत सगळी नऊवारी सुती लुगडी. गुडघे दुखायला लागल्यापासून त्या गाऊनच घालतात. म्हटलं, आता ही नेसणार कोण?

धरमपेठेत जुन्या कपड्यांचं आणि जुन्या पितळेचं एक दुकान आहे. तिथली मालकीण, भारी गोड बोलणारी बाई, स्वतः घरी आली. एकेक लुगडं उलगडून हरखून जात होती.

"कुणाची हो ही?"

"सासूबाईंची."

"अरेरे! केव्हा वारल्या?"

आता सासूबाई सावनेरला बसून वांग्याचं भरीत खात आहेत, हे कसं सांगणार? मग त्यांना न विचारता देतेय, हेही सांगावं लागलं असतं. मी नुसती मान हलवली. "झाले काही दिवस," असंही बोलले बहुतेक. ती सगळी लुगडी घेऊन गेली, आणि सासूबाई परत आल्यावर मी त्यांना सांगितलं, पेटी माळ्यावर टाकली आहे. त्या काही माळ्यावर चढणार नव्हत्या.

यंदा मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि माझे ग्रह फिरले. आमच्याकडे तान्ह्या बाळाला नवं कापड लावत नाहीत. घरातल्या बाईचं, वापरून वापरून मऊ झालेलं लुगडं फाडायचं आणि त्याची दुपटी, लंगोट शिवायचे. सासूबाई रोज चहाच्या वेळी सुरू. "सूनबाई, पेटी काढ वं माळ्यावरली. पोरीचे दिवस भरत आले."

कधी मी म्हणायची, शिडी नाही. कधी म्हणायची, वर पाली आहेत. "पाल काय खाते का तुले?" म्हणत एक दिवस त्या वॉचमनला हाक मारायला निघाल्या, तेव्हा माझी बोबडीच वळली. सांगून टाकलं की लुगड्यांना कसर लागली होती, टाकून दिली.

"सगळ्याईले?"

"हो."

त्या अर्धा चहा तसाच ठेवून उठल्या. तेव्हाच खरं बोलले असते, तर चार शिव्या खाऊन मोकळी झाले असते. पण नाही, माझं नाक वर!

मुलीला बिचारीला काय माहीत? ती म्हणाली, "आजी, धरमपेठेत मिळतात जुनी लुगडी. आई, घेऊन जा ना आजीला." मी म्हटलं, मीच आणते, त्यांना कशाला त्रास? पण सासूबाई चप्पल घालून दारात उभ्या. "परक्या बाईचं कापड बाळाले लावाचं, तर मी हातानं पाहीन. चाल." ऑटोत मी सारखी देवाला विनवत होते की मालकीण नसू दे, निदान ती लुगडी तरी विकून गेलेली असू दे.

मालकीण होती. मला बघताच म्हणाली, "अय्या, काकू! या, या!" मी सासूबाईंच्या पाठीमागून डोळे मोठे केले, मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं. तिला काय कळलं कोण जाणे, पण ती गप्प झाली. दुकानात एक गृहस्थ जुन्या रेडिओची मागची बाजू उघडून बघत होते. आरशासमोर कॉलेजातली एक पोरगी आखूड जॅकेट घालून फिरून फिरून स्वतःला पाहत होती. हिरवं जॅकेट, लाल काठ.

तो हिरवा रंग मी लगेच ओळखला. तेच लुगडं नेसून सासूबाईंनी मला लग्नानंतर उंबऱ्यात ओवाळलं होतं. त्याचं जॅकेट झालं होतं, पुढे दोन खिसे.

"खरंच जुनं आहे का हे?" पोरीनं विचारलं.

"म्हणजे काय! एका आजींचं लुगडं होतं. आजी आता नाहीत. सुनेनं मोठ्या मनानं दिलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाई हळूहळू त्या पोरीपाशी गेल्या, जॅकेटचं खालचं टोक चिमटीत धरलं आणि अंगठ्यानं चोळलं.

"केव्हा गेली म्हणता बिचारी?"

मालकिणीनं माझ्याकडे बघितलं. मी रेडिओकडे.

"झाले... काही दिवस."

"बाप्पा! चांगली होती का?"

"खूप चांगल्या होत्या म्हणे," मालकीण म्हणाली.

सासूबाईंनी टोक सोडलं. "छान दिसते वं तुले," त्या पोरीला म्हणाल्या. "घेऊन टाक."

मग स्टुलावर बसून त्यांनी लुगड्यांचा गठ्ठा मागवला. प्रत्येकाचा पदर ओढून त्याचं टोक चोळायच्या आणि एक इकडे, एक तिकडे करायच्या. मला वाटलं, कापडाचा मऊपणा बघताहेत. एरवी कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी ही बाई, पण भावाचा शब्द काढला नाही. परतताना मी ऑटोत सुरुवात केली, "आई, ते दुकान..." त्या बाहेर बघत म्हणाल्या, "ऊन भल्लं तापून राहिलं आज."

घरी आलो तेव्हा मुलगी झोपली होती. उठली तेव्हा सासूबाईंनी सगळी लुगडी पलंगावर पसरून ठेवलेली. मी स्वयंपाकघरात होते.

"आजी, या सगळ्यांच्या पदराला एकाच जागी पिवळे टाके कसे गं?"

मी हातातली कणीक तशीच घेऊन धावले. खरंच, प्रत्येक पदराच्या टोकाला पिवळ्या दोऱ्याची बारीकशी फुली होती. इतकी वर्षं मी ही लुगडी दोरीवर वाळत घातली, घड्या केल्या, आणि मला ती कधी दिसलीच नाही.

"आम्ही चौघी जावा होतो," सासूबाई सांगत होत्या. "साऱ्याईचे लुगडे एकाच दोरीवर. कोणाचं कोणतं, ते समजाले पायजे ना? म्हणून खूण घातली. माहा दोरा पिवळा."

"म्हणजे ही तुझीच? मग ती दुकानात कशी आली?"

मी दाराला धरून उभी होते. आता पोटच्या पोरीसमोर माझी अब्रू जाणार, आणि जायलाच हवी होती. मनातून मला वाटत होतं, बोला आई, एकदाचं बोलून टाका.

"दुकानातलं काही पसंत नाही पडलं मले," सासूबाई म्हणाल्या. "हे माळ्यावरले आहेत. तुह्या आईनं जपून ठेवले होते. कसर लागली समजून उगाच भेली होती. खाली काढून पाह्यलं, तर सारे चांगले निघाले."

मुलीनं येऊन माझ्या गळ्यात हात टाकला. "आई, तू पण ना! आजीचा जीव टांगणीला लावलास नुसता." मी तो हात काढला नाही. काढायला हवा होता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी मी तोंड उघडलं नाही.

सासूबाईंनी सुई-दोरा माझ्यापुढे धरला.

"ओवून दे वं, सूनबाई. गेलेल्या माणसाले नेढं दिसत नाही."

मुलगी हसली. तिला वाटलं, आजीची रोजचीच थट्टा. मी हात धुऊन आले, दोरा ओठांनी ओला केला आणि त्यांच्या शेजारी बसले. तो काही केल्या नेढ्यात जाईना.