तामीर आणि तामील

आता सांगायला लाज वाटते, पण चहा घेतलाच आहे तर ऐका. माझ्या शहाणपणापायी मी माझं राहतं घर टोपलीत घातलं. थट्टा नाही करत.

निजामाचं राज्य होतं. कचेरीचा कागद यायचा तो उर्दूत. वसमतच्या आमच्या गल्लीत उर्दूच्या दोन इयत्ता शिकलेला मी एकटा, त्यामुळे कुणाचाही कागद माझ्याकडेच यायचा. मला येत होतं एवढंच, की पहिला शब्द कसाबसा लावायचा आणि बाकीच्यावर गंभीर चेहरा करायचा.

घर बांधलं तेव्हा कचेरीतून दोन कागद आले. एकावर मी वाचलं ‘तामीर’, म्हणजे बांधकाम. झालं, हीच परवानगी! चौकट करून देवाशेजारी टांगली, दसऱ्याला झेंडू वाहू लागलो. दुसरा कागद रद्दी म्हणून बायकोला दिला.

पुढे लेक हिंगोलीला दिली. बायकोला एकच ध्यास, लेकीजवळ राहायचं. पण हे घर विकल्याशिवाय तिथं घर कसं घेणार? गिऱ्हाईक चांगलं मिळालं, हळदीचे व्यापारी करीमसेठ. ओट्यावर बसून चहा घेताना त्यांनी बांधकामाची परवानगी मागितली. मी ऐटीत चौकट आणली.

त्यांनी चष्मा लावून वाचली. मग कप घेऊन हळूच ओट्यावरून उतरले आणि रस्त्यात उभे राहिले.

“भाऊ, ह्ये तामीर न्हाई, तामील हाय. हुकूम बजावलाय तुमाला. ह्यो ओटा रस्त्यावर आलाय, महिन्याभरात पाडा म्हनून.”

शेवटच्या एका अक्षराचा फरक हो! इतकी वर्षं मी ओटा पाडायच्या हुकुमाला फुलं वाहत होतो.

मग खरी परवानगी कुठं? बायकोनं भाकरीच्या दुरडीकडे बोट दाखवलं.

“तुमीच रद्दी म्हनले न्हवं? मेथीसंग भिजवून, कुटून दुरडीला लिंपली. रोज त्यातूनच तर खाऊन राहिले.”

दुरडी घेऊन कचेरीत गेलो. मुन्शीनं आधी आत भाकरी आहे का ते पाहिलं. घाईत मी चौकटही नेली होती. ओट्याचं कचेरी केव्हाच विसरली होती, ती आठवण मीच करून दिली. नक्कल मिळेल, पण आधी ओटा पाडा, असं मुन्शी शांतपणे म्हणाला.

माझा ओटा मीच कुदळीनं पाडला. हेलपाट्यांनी जीव मेटाकुटीला आला. बायको हिंगोलीचं नावच काढेना, त्याचं मला फार वाईट वाटलं. शेवटी एकदाची नक्कल हातात पडली.

विक्रीच्या दिवशी सारी गल्ली जमली. करीमसेठनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि ते म्हणाले, “बराबर वाचा, मग सही करा.”

मी लेखणी बाजूला ठेवली आणि अंगठा शाईत बुडवला.